‘गाव’ नावाचा रकाना

सरकारी खिडकीवरून माझा अर्ज काल परत आला, तो केवळ ‘गाव’ या रकान्यापायी. जन्म, शाळा, नोकरी सारे पुण्यातच झाल्याने मी तिथे ‘पुणे’ असे लिहिले होते. त्यावर आतल्या बाईंनी संगणकावरची नजर न हलवता, “पुणे शहर आहे, गाव लिहा,” असे फर्मावले.

मी निमूटपणे बाजूला झालो असतो. पण काखेत छत्री आणि हातात छायाप्रतींची पिशवी घेतलेले, माझ्या मागचे आजोबा घसा खाकरून पुढे सरसावले. “बाई, गाव हा शब्द ‘ग्राम’वरून आला आणि ग्राम म्हणजे मुळात समूह. गीतेत ‘इंद्रियग्राम’ म्हटले आहे, ते काय इंद्रियांची ग्रामपंचायत होती म्हणून? संगीतातला षड्जग्राम घ्या, तोही स्वरांचा समुदायच.” रांगेतून “आजोबा, आवरा!” असा आवाज आला, तो त्यांनी दाद म्हणून स्वीकारला. “शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात शर्यात राजा ग्राम घेऊन हिंडतो, म्हणजे सगळा जथाच चालतो आहे. असा जथा जिथे टेकला तिथे वस्ती झाली, मग त्या वस्तीलाच ग्राम म्हणू लागले, प्राकृतात त्याचे गाम झाले आणि आपल्याकडे गाव. आता त्या शर्यात राजाने या रकान्यात काय भरावे?”

बाईंनी प्रथमच मान वर केली. “पिनकोड आहे का त्यांच्याकडे?”

दोन ग्राम एकमेकांना भिडले की ‘संग्राम’, हे आजोबा सांगू लागले आणि नेमकी तेव्हाच शेजारची खिडकी जेवणासाठी बंद होऊन तिथली रांग आमच्या रांगेत घुसली, त्यामुळे या व्युत्पत्तीचे प्रात्यक्षिकही मला कोपराने मिळाले.

आजोबांचे म्हणणे मला पटले, आणि राग त्याचाच आहे. “तुमचं मूळ गाव कोणतं?” असे विचारणाऱ्याला वस्तीशी कुठे कर्तव्य असते? आडनावावरून जातीचा अंदाज लागला नाही की गाव विचारायचे, गावावरूनही भागले नाही की कुलदैवत; हवा असतो तो समूहच, फक्त तसे तोंडाने म्हणायचे नसते. निदान शर्यात राजाला आपला ग्राम चारचौघांत मिरवता येत होता.

अखेर पणजोबांनी सोडलेल्या आणि मी कधीही न पाहिलेल्या एका खेड्याचे नाव लिहिले, तेव्हा शिक्का बसला. ते खुर्द की बुद्रुक, हे बाईंनीच यादीतून ठरवले. पुढचा सगळा पत्रव्यवहार आता तिकडेच होणार आहे.