दक्षिण फ्रान्समधील सेंत-व्हिक्त्वार पर्वताच्या पदभ्रमंतीविषयी आपण दिलेल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

ऑगस्टमधील आमच्या पदभ्रमंतीत आपला हिरमोड झाला, याबद्दल मी मनापासून दिलगीर आहे. चालण्याचा वेग आणि सावलीतले थांबे यांविषयीच्या आपल्या सूचना वाचल्या. मात्र ‘चित्रकार सेझानच्या पर्वतावर नेतो म्हणून पैसे घेतले आणि डोंगर लांबूनच दाखवला, ही फसवणूक आहे’ हे वाक्य मला फार लागले.

जून ते सप्टेंबर या काळात सेंत-व्हिक्त्वारच्या पायवाटा उद्या खुल्या राहतील की बंद, हे वणव्याचा धोका पाहून तेथील प्रशासन आदल्या दिवशी जाहीर करते. रान वाळलेले असताना मिस्त्राल हा तिथला जोरदार कोरडा वारा सुटला आणि बंदी लागली, की वाटाड्यालाही आत पाऊल टाकता येत नाही. 1989 च्या वणव्यात या पर्वतावरचे हजारो हेक्टर रान जळाले. त्यामुळे या नियमात सवलत मागणे मला कधीच पटणार नाही. बंदीचा निरोप मी आपल्याला आदल्याच संध्याकाळी पाठवला होता. पूर्ण रक्कम परत घ्यावी किंवा जिथून हा पर्वत समोर दिसतो, त्या ले लोव्हच्या टेकडीची वाट निवडावी, असे दोन्ही पर्याय त्यात होते. टेकडीची वाट आपणच लेखी निवडलीत. सकाळी आपली मंडळी बरीच उशिरा आली, तरी आम्ही थांबलो आणि कोणताही टप्पा गाळला नाही. अभिप्रायात यातले काहीच नाही.

राहिला ‘लांबूनच’ हा आक्षेप. सेझानने 1902 मध्ये ले लोव्हच्या वाटेवर आपली चित्रशाळा थाटली आणि टेकडीच्या वरच्या बाजूने, शेते व झाडी ओलांडून दिसणारा हा पर्वत तो अखेरपर्यंत रंगवत राहिला. 1906 च्या ऑक्टोबरमध्ये उघड्यावर चित्र काढताना तो वादळात सापडला आणि काही दिवसांतच गेला. त्याच्या अखेरच्या वर्षांतल्या बहुतेक चित्रांतला पर्वत पाहायचा, तर तो या टेकडीवरूनच दिसतो. आपल्याला मी दुय्यम काही दाखवले, असे म्हणूनच मला मान्य करता येत नाही.

नोंदणीच्या वेळी दिली जाणारी बंदीची सूचना आणखी ठळक करू, थांब्यांचेही पाहू. आपण हिवाळ्यात आलात, तर पर्वतावरील 946 मीटरवरच्या क्रुसापर्यंत मी स्वतः घेऊन जाईन. आमचे वर्षाचे उत्पन्न जून ते सप्टेंबर या चार महिन्यांवर अवलंबून असते आणि नवे प्रवासी आधी अभिप्रायच वाचतात. तारे आपण हवे तेवढे द्यावेत, परंतु ‘फसवणूक’ या शब्दाचा कृपया फेरविचार करावा, ही विनंती.

आपला नम्र,
पदभ्रमंतीचा संचालक