पोटखराबा

गेल्या मे महिन्यात भावकीत जमिनीच्या वाटणीचा विषय निघाला आणि मी आमचा सातबारा पहिल्यांदा नीट वाचला. गाव राजापूर तालुक्यातलं. वर लांबच लांब कातळसडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार, पायथ्याला वाडी. आमच्या वाट्याचा जवळजवळ सगळा सडा उताऱ्यावर 'पोटखराबा'. म्हणजे लागवडीला निकामी, आकारणी शून्य.

या शून्यातून आमची वाडी चार पिढ्या पाणी प्यायली.

जांभा भोकाभोकांचा दगड. पावसाळ्यात सड्यावर पडलेलं पाणी त्यातून झिरपतं, खालच्या चिकणमातीच्या थराला अडतं आणि आडवं सरकत उतारावर झऱ्याच्या रूपात बाहेर येतं. त्याच झऱ्याचं पाणी पाटाने आणून आजोबा पोफळी शिंपायचे. वर सड्यावर पावसाळ्यात गुरं चरायची, दिवाळीनंतर गवत कापलं जायचं. श्रावण-भाद्रपदात सीतेची आसवं आणि गेंद फुलून सगळा कातळ निळा-पांढरा व्हायचा. यातलं काहीच महसुलाच्या रकान्यात बसत नाही, म्हणून ते 'नाही'.

मग शेजारच्या सड्यावर चिरेखाण, म्हणजे बांधकामासाठी जांभ्याचे चिरे कापायची खाण, आली. दलाल म्हणाला, "काका, नुसता कातळ तर आहे, पडून काय करताय?" चिऱ्याला मात्र लगेच भाव आहे: ब्रासवर रॉयल्टी, ट्रकची पावती, सगळं चोख. तोच दगड जागेवर पाणी धरून असेपर्यंत फुकट आणि कापून गाडीत चढला की माल.

आमचा झरा आता फेब्रुवारीअखेर आटतो. खाणीमुळेच आटला, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पाऊस बदललाय, बोअरवेलही वाढल्यात. पण सांगता येत नाही याचं खरं कारण असं की आधी कुणी मोजलंच नव्हतं. कुठल्या सड्याचं पाणी कुठल्या वाडीला जातं, याचा नकाशा ना तलाठ्याकडे ना ग्रामपंचायतीत.

निसर्गाच्या कामाचे पैसे मोजायचे म्हटलं की आपल्याकडची पर्यावरणवादी मंडळी बिचकतात. मीही बिचकायचो. जंगलांचं असं मोल आपल्या देशात ठरलेलं आहेच. अर्थतज्ज्ञ कांचन चोप्रा यांच्या समितीच्या अहवालानंतर सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये वनजमीन दुसऱ्या कामासाठी वळवायला हेक्टरी 4.38 लाख ते 10.43 लाख रुपये असे दर मान्य केले, जंगलाचा प्रकार आणि दाटी बघून. हेतू चांगला होता, पण व्यवहारात तो आकडा तिकिटासारखा झाला. पैसे भरा, आत जा. शिवाय मोजायची पट्टी झाडांच्या दाटीची. आमच्या सड्यावर झाडंच नाहीत आणि तो वनजमीनही नाही. तिकीटसुद्धा नाही, सरळ दार उघडं.

म्हणून माझं मत आता असं झालंय की हेक्टरी दर नंतर बघू, आधी नकाशा हवा. झरे कुठे, ते कोणत्या महिन्यापर्यंत वाहतात, त्यावर किती घरं, किती विहिरी, किती पोफळी. रुपये लावायचेच तर साधा हिशोब पुरे: झरा आटल्यावर वाडीला मेपर्यंत किती टँकर लागतात आणि त्याचं बिल किती. तो आकडा खाणीच्या अर्जासोबत ग्रामसभेत टेबलावर ठेवा. तो सडा विकण्याचा भाव नव्हे. खाण 'फुकटच्या' जमिनीवर येतेय हे म्हणणं खोडायला तो लागतो.

यासाठी नवा कायदाही नको. जैवविविधता कायदा 2002 चा आहे, त्याखाली प्रत्येक पंचायतीने लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या जीवसृष्टीची नोंद, करायची असते. आमच्या गावची वही मी पाहिली. झाडांची नावं भरपूर, सड्याचं नाव नाही! (2022 मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. ती ज्या कातळावर कोरली आहेत, तो बराचसा असाच सडा.)

वाटणीत पोटखराबा कुणालाच नको होता. मी मागून घेतला. चुलतभाऊ हसला, म्हणाला, "मुंबईचं पाणी प्यायलास जास्त."

यंदा दिवाळीला गेलो की वाडीतल्या जाणत्या माणसांना घेऊन झऱ्यांची यादी करतोय. तुमची वाडी सड्याखाली असेल तर खाली लिहा: झरा पूर्वी कोणत्या महिन्यात आटायचा, आता कोणत्या. आमचा पूर्वी मे, आता फेब्रुवारी.