इस्त्रीचा कोळसा आणि निळं पाणी

सोसायटीच्या ग्रुपवर तोच व्हिडिओ तिसऱ्यांदा आला. निळ्या पाण्याच्या ग्लासात कोळसा टाकतात, पाणी नितळ होतं. खाली मजकूर: ‘कोळसा रंग खातो. कुठलाही कोळसा चालतो. पाणी पिण्यालायक होतं. कोळसा उन्हात वाळवून पुन्हा वापरा. कापड रंगवणारे कारखानदार हे लपवतात.’

‘कुठलाही कोळसा’ हे घरीच करून पाहिलं. शोभेच्या माशांच्या दुकानातून मेथिलिन ब्ल्यू हा निळा रंग आणि टाकीच्या फिल्टरचा सक्रिय कोळसा आणला. साधा कोळसा खालच्या इस्त्रीवाल्याकडचा. दोन बरण्यांत दोन-दोन थेंब, दोन-दोन चमचे कोळसा. सकाळी सक्रिय कोळशाची बरणी नितळ. दुसरी निळीच, वर राखेचा तवंग. कारण साधं आहे. नारळाच्या करवंटीचा कोळसा 800-900 अंशांवर वाफ देऊन तापवला की आत नॅनोमीटरच्या मापाची भोकं पडतात. अशा एका ग्रॅममध्ये साधारण 1,000 चौरस मीटर पृष्ठभाग असतो, म्हणजे 400 चौरस फुटांचे जवळपास 27 फ्लॅट! इस्त्रीच्या कोळशात ती खोल्यांची चाळ उघडलेलीच नसते.

‘रंग खातो’? छे. रंगाचे रेणू भोकांच्या भिंतींना चिकटतात, म्हणून ते शोषण नव्हे, अधिशोषण. आणि सगळे सारखे चिकटत नाहीत. मेथिलिन ब्ल्यू धनभारित, आटोपशीर रेणू, व्हिडिओसाठी सोयीचाच. सुती कापडाचे रिॲक्टिव्ह रंग ऋणभारित आणि बरेचदा मोठे. तिथे पाण्याचा पीएच (आम्लता) आणि भोकांचं माप पाहावं लागतं.

‘पिण्यालायक’ हे सगळ्यात घातक. नितळ बरणीत चिमूटभर मीठ विरघळवलं, विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर बुडवला, नवा कोळसा घालून रात्रभर ठेवलं. आकडा खाली आलाच नाही. सुती कापड रंगवताना लिटरमागे कित्येक ग्रॅम मीठ लागतं. रंग गेला तरी ते पाण्यातच. मुंबईतल्या मिठी नदीचं पाणी असेल तर सांडपाण्यातले जंतूही.

उन्हात वाळवून पाणी उडतं, रंग भोकांतच राहतो. कारखान्यात असा कोळसा भट्टीत पुन्हा तापवतात, नाहीतर घातक कचरा म्हणून त्याची विल्हेवाट लावतात. गॅलरीत पसरत नाहीत.

राहिलं ‘लपवतात’. कापड रंगवण्याच्या सांडपाण्यात आधी चुना, तुरटी किंवा फेरस सल्फेट घालून गाळ खाली बसवतात, मग जिवाणूंच्या टाकीतून नेतात आणि कोळशाचा फिल्टर बहुधा शेवटी येतो. आधीच लावला तर गाळाने लवकर तुंबेल, आणि कोळसा फुकट येत नाही.