९८ टक्के, आणि मग लिंकर!

लिनक्सवर आवाज रेकॉर्ड करायचा एक प्रोग्राम सोर्स कोडपासून बिल्ड करायला घेतला. आधी हेडर (लायब्ररीत कोणती फंक्शन्स आहेत ते सांगणारी फाइल) सापडत नाही म्हणून रडारड. आल्सा (लिनक्सची आवाजाची यंत्रणा) मशीनवर आहे, रोज आवाज येतोय, पण हेडरसाठी 'डेव्ह' पॅकेज वेगळं घ्यायचं म्हणे. घेतलं. मग कंपाइल ९८ टक्क्यांपर्यंत निमूट गेलं, मी हेडफोन कानाला लावले आणि लिंकर (कंपाइल झालेले तुकडे जोडणारा) उलथला: 'अनडिफाइन्ड रेफरन्स', म्हणजे वापरलेलं फंक्शन कुठे सापडत नाही. तासभर डोकं आपटल्यावर कळलं, मेकफाइलमध्ये (बिल्डच्या सूचनांच्या फाइलमध्ये) लायब्ररीचं नाव ऑब्जेक्ट फाइलच्या, म्हणजे कंपाइल झालेल्या तुकड्याच्या, आधी होतं. ते नंतर हवं. म्हणजे लायब्ररी आहे, नाव बरोबर आहे, फक्त रांगेत नंबर चुकला! (एवढं एररमध्ये सांगायला काय पैसे पडतात?) शेवटी बिल्ड झालं. चालवलं तर शेअर्ड लायब्ररी (प्रोग्राम चालताना लागणारी) सापडेना. ती तिथेच, युजर-लोकलच्या फोल्डरात ढिम्म बसलेली. एलडीकॉन्फिग (सिस्टिमची लायब्ररींची यादी ताजी करणारी कमांड) चालवायचं राहिलं होतं. आणि रेकॉर्ड काय करायचं होतं, तेच आता आठवत नाही.