आयरिश जेवणाला फोडणी नको

17 मार्चला, म्हणजे आयर्लंडचे संरक्षक संत सेंट पॅट्रिक यांच्या दिवशी, डब्लिनमधल्या आमच्या घरी मित्रमंडळींना दुपारच्या जेवणाला बोलवायचे ठरले आणि ग्रुपवर सूचनांचा पाऊस सुरू झाला. कोणाला हिरवा केक हवा आहे, कोणाला लेप्रिकॉनच्या (आयरिश लोककथांतल्या बुटक्याच्या) टोप्या. एकाने कॉर्न्ड बीफची, म्हणजे खारवलेल्या गोमांसाची, कृती पाठवली. आणि 2026 मध्ये पाडवा दोनच दिवसांनी, 19 मार्चला येत असल्यामुळे दोन्ही सण एकाच ताटात उरकून टाकावेत असाही एक प्रस्ताव आला. प्रत्येकाला वेगळे उत्तर देण्याऐवजी माझे म्हणणे इथेच सविस्तर मांडते. जेवण आयरिश ठरते ते बटाटा, लोणी, ताक, कोबी आणि संथ आचेवर शिजलेल्या मांसामुळे, रंगामुळे नव्हे. आणि हे पदार्थ आपल्या जिभेच्या सोयीसाठी न बदलता, जसे आहेत तसे वाढण्यातच पाहुणचाराचा खरा आनंद आहे.

आधी कॉर्न्ड बीफबद्दल. सतराव्या-अठराव्या शतकांत कॉर्क बंदरातून खारवलेले गोमांस जहाजे भरभरून बाहेर जात असे, पण ती जनावरे पाळणाऱ्या सामान्य माणसाला ते परवडत नसे. त्याच्या घरी सणाला डुकराचे खारवलेले मांस शिजे. पुढे अमेरिकेत गेलेल्या आयरिश लोकांना न्यूयॉर्कमध्ये ज्यू खाटकांकडे बीफ स्वस्त मिळू लागले आणि कोबीशेजारची जागा त्याने घेतली. शिकागोची नदी हिरवी करण्याची प्रथाही 1962 ची आणि तिकडचीच. परदेशात राहून आपला सण मोठ्या आवाजात साजरा करण्याची गरज आपल्याला चांगलीच ठाऊक आहे, त्यामुळे त्या प्रथांना मी नावे ठेवणार नाही. पण आपण डब्लिनमध्ये बसून शिकागोची नक्कल करण्याचे कारण मला दिसत नाही. मद्याच्या आग्रहाबाबतही तेच सांगेन. हा सण लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या, उपवासकाळात येतो, 1903 च्या कायद्याने तो सार्वजनिक सुटीचा दिवस झाला, आणि 1920 च्या दशकापासून पुढे कित्येक वर्षे या दिवशी पब कायद्याने बंद असत. आपल्या भाषेत सांगायचे तर सेंट पॅट्रिकचा दिवस हा ड्राय डे होता! ज्यांना गिनेस बिअर हवी त्यांनी ती जरूर आणावी, मात्र जेवणाची आखणी तिच्याभोवती होणार नाही.

मुख्य पदार्थ दोन असतील. पहिला मटणाचा आयरिश स्ट्यू. यात मानेकडचे हाडासकट मांस, कांदा, बटाटा, पाणी, मीठ, मिरी आणि थोडी थाइम, एवढेच पडते. जुन्या वळणाचे लोक तर गाजरही घालू देत नाहीत. आले-लसूण नाही, गरम मसाला नाही, आणि वरून फोडणी तर नाहीच. गेल्या काही वर्षांत आपल्याकडच्या बैठकांमध्ये कुठलाही परका पदार्थ आला की त्याला ‘जरा चव आणण्याची’ घाई होते, ती मला खटकते. स्ट्यूमधल्या काही बटाट्यांचा गाळ होऊन रस्सा दाट होतो आणि त्याला मटणाच्या चरबीची एक मंद गोडी येते. हिंग-मोहरीच्या पहिल्याच तडतडीत ती गोडी संपते. ठेचा आणणाऱ्यांनी तो जरूर आणावा, फक्त भांडे टेबलाच्या त्यांच्या टोकाला राहील.

दुसरा पदार्थ कोलकॅनन, आणि माझा जीव खरा त्यात आहे. त्यासाठी रूस्टर किंवा कर्स पिंक यांसारखे पिठूळ बटाटे लागतात. ते सालीसकट उकडून गरम असतानाच सोलायचे, कढत दूध घालून कुस्करायचे, त्यात शिजवलेला केल (कोबीच्या जातीची पालेभाजी) किंवा कोबी मिसळायचा आणि ढिगाच्या मध्यभागी, भाताच्या मुदीवर तुपासाठी करतात तसा खळगा करून खारे लोणी सोडायचे. प्रत्येकाने कडेचा घास त्या वितळलेल्या लोण्यात बुडवून खायचा. खरे तर हा हॅलोविनचा पदार्थ, पण मार्चमध्ये तो केला म्हणून इथल्या कोणाही शेजाऱ्याने आजवर माझ्याकडे तक्रार केलेली नाही. लोण्यात काटकसर करू नये. एके काळी जगातला सर्वांत मोठा लोण्याचा बाजार कॉर्क शहरात भरत असे. बटाट्याबद्दल मात्र थोडे भान ठेवूनच बोलावे. 1845 पासून करप्याने पीक गेले, सुमारे दहा लाख माणसे मेली, तितकीच देश सोडून गेली, आणि त्याच वर्षांत या बेटावरून धान्य व लोणी बाहेर जातच होते. म्हणून ‘बटाटेखाऊ’ छापाचे विनोद त्या दिवशी टेबलावर नकोत, कारण आपल्याबरोबर आयरिश मित्रही जेवायला असतील.

शाकाहारी मंडळींसाठी एक गोष्ट आताच स्पष्ट करते. इथे कोबी परंपरेने मांस उकडलेल्या पाण्यातच शिजवतात, त्यामुळे बाहेर ‘नुसता कोबी’ म्हणून मिळणारी वाटी शाकाहारी असेलच असे नाही. आपल्याकडे तो वेगळ्या भांड्यात, लोण्यावर होईल. चीज आणणाऱ्यांनी वेष्टनावर रेनेट (दूध साकळवणारा पदार्थ, तो प्राणिज असू शकतो) कोणते आहे ते वाचून आणावे.

सोडा ब्रेड मीच करणार आहे, कारण तो गरम हवा. 450 ग्रॅम पिठाला एक-एक चमचा सोडा व मीठ आणि 350 ते 400 मिलिलिटर ताक लागते. इथले डब्यातले ताक दाट आणि चांगले आंबट असते. घरी विरजण लावणाऱ्यांनी आपले पाणीदार ताक त्याच्याऐवजी वापरू नये. ताकाच्या आंबटपणाशी गाठ पडताच सोडा कामाला लागतो, म्हणून हे पीठ मळायचे नसते: बोटे फाकवून एकदा फिरवायची, गोळा जमला की वर खोल फुली मारायची आणि थेट तापलेल्या ओव्हनमध्ये सरकवायचा. फुलीमुळे आतला भाग नीट भाजला जातो; तिच्यातून पऱ्या बाहेर पडतात असेही इथल्या आज्या सांगतात. तळाशी टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला की पाव झाला.

गोडाला रुबार्बचा टार्ट आणि कॅरागीनची खीर. कॅरागीन हे पश्चिम किनाऱ्यावरचे समुद्रशेवाळ. ते दुधात मंद उकळून गाळले की दूध जिलेटिनशिवाय थिजते, त्यामुळे उपवासवाले सोडून सगळ्यांची सोय होते. उपवासवाल्यांना बटाटा आहेच. शेवटी दाट दुधाचा, कडक आयरिश चहा. श्रीखंडाचा चक्का मात्र 19 तारखेसाठीच बांधावा, पाडव्याला त्याचे स्वतःचे ताट मिळायला हवे.

सजावटीसाठी डॅफोडिल पुरेत, मार्चमध्ये ते इथे जागोजागी फुललेले असतात. शॅमरॉक, म्हणजे आयर्लंडचे प्रतीक असलेले पान, लावायचा असेल तर तीन पानांचा; चार पानांचे चित्र असलेले रुमाल कृपया दुकानातच राहू द्या. शहरातली मिरवणूक बारा वाजता पार्नेल स्क्वेअरपासून निघते आणि बसचे मार्ग बदलतात, म्हणून जेवण तीनला ठेवले आहे. स्ट्यू तोवर मुरून अधिक चांगला लागेल, कोलकॅनन मात्र थांबत नाही. उशीर करणाऱ्यांसाठी मी ते पुन्हा गरम करणार नाही.