इंग्रजीत झापणं आणि कुचाळक्या

इंग्रजी वाक्प्रचारांच्या याद्यांत वीस वाक्प्रचार असतात आणि वीसच्या वीस वाक्प्रचारांसमोर एकच अर्थ: 'रागावणे'. अशा याद्या शिकणाऱ्याचं नुकसान करतात, असं माझं ठाम मत आहे. कानपिचक्या कुठे संपतात आणि बिनपाण्याने करणं कुठे सुरू होतं, हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. इंग्रजीतही अशीच चढण आहे. ती ठाऊक नसली की वाक्य व्याकरणात बरोबर आणि प्रसंगात चुकीचं होतं.

'स्कोल्ड'चंच बघा. बोलताना तो मुख्यतः लहान मुलांसाठी येतो. मोठ्या माणसाला साहेबांनी झापलं तर 'ही टोल्ड मी ऑफ'. सर्वनाम मधेच बसतं, 'टोल्ड ऑफ मी' चालत नाही. आणि 'ऑफ'ऐवजी 'ऑन' तोंडात आलं की सगळंच फिरतं: 'ही टोल्ड ऑन मी' म्हणजे त्याने माझी चहाडी केली! आपण सर्रास म्हणतो ते 'बॉसने फायर केलं' तर परदेशी सहकाऱ्यासमोर टाळाच. त्याला वाटेल, तुमची नोकरी गेली.

'रॅप ऑन द नकल्स' म्हणजे कानपिचक्या. 'स्लॅप ऑन द रिस्ट' तितकंच सौम्य, पण शिक्षा फारच कमी झाली ही बोलणाऱ्याची नाराजी त्यात बहुधा असते. खरडपट्टीला अमेरिकेत 'च्यू आउट', ब्रिटनमध्ये 'टेअर अ स्ट्रिप ऑफ'. 'बाइट समवन्स हेड ऑफ' या रांगेत बसवूच नका. त्यात चूक रागावणाऱ्याची असते, कारण नसताना वसकन अंगावर येण्याची. म्हणून माफी मागताना तो स्वतःबद्दल वापरतात. 'टिक ऑफ' सर्वांत फसवा: ब्रिटिश माणूस 'टिक्ड ऑफ' झाला तर त्याने बोलणी खाल्ली, अमेरिकन झाला तर तो स्वतःच चिडलाय.

'रीड द रायट अ‍ॅक्ट' हा माझा आवडता, कारण त्यामागे खरोखरचा कायदा आहे. ब्रिटनमध्ये तो १७१५ साली लागू झाला. बारा किंवा जास्त माणसं दंगलीच्या बेताने जमली की दंडाधिकारी ठरलेली घोषणा मोठ्याने वाचून दाखवायचा. त्यानंतर तासाभरात पांगलं नाही तर शिक्षा देहान्ताची. हे लक्षात ठेवलं तर आजचा वापर चुकत नाही: गोंधळ घालणाऱ्यांना 'आता थांबा, नाहीतर परिणाम भोगा' असा दम. झाल्या चुकीबद्दल नुसतं खडसावलं तर हा वाक्प्रचार ढिला पडतो.

'गिव्ह अ पीस ऑफ माय माइंड'मधला 'पीस' तुकड्याचा, शांततेचा नव्हे. उच्चार एकच असल्याने लिहिताना हमखास स्पेलिंग चुकतं आणि दम देणारा माणूस समोरच्याला मनःशांती वाटत सुटतो.

आता कुचाळक्या. 'गॉसिप' मुळात जुन्या इंग्रजीतला 'गॉडसिब', म्हणजे बाप्तिस्म्याच्या नात्याने जोडलेला धर्मपिता किंवा धर्ममाता. पुढे जवळची सखी, मग तिच्या गप्पा, असा अर्थ घसरत आला. माणसाची खूण अजून शिल्लक आहे: 'शी इज अ गॉसिप' म्हणजे ती चकाट्या पिटणारी. त्यामुळे 'मला दोन गॉसिप्स सांग' हे इंग्रजीत विचित्र वाटतं. 'अ बिट ऑफ गॉसिप' म्हणा. 'स्पिल द बीन्स' म्हणजे गुपित फोडणं, 'स्पिल द टी' म्हणजे चटकदार खबर देणं. पहिल्यात विश्वासघात असू शकतो, दुसऱ्यात बहुधा मजाच असते. 'चिनवॅग'मध्ये कुणाची निंदा नसते, निवांत गप्पा असतात.

'अ लिटल बर्ड टोल्ड मी' खबर देणाऱ्याचं नाव झाकायला वापरतात, वाढदिवस किंवा बढतीसारख्या हलक्याफुलक्या बातमीसाठी. हाताखालच्या माणसाला त्याच्या चुकीबद्दल असं म्हटलंत, तर आपल्यावर कुणीतरी पाळत ठेवलीय असंच त्याला वाटेल.