बुरशी ती बुरशीच की हो!

काल दाढ काढायला गेलो होतो. दाढ निघाली, भूलही उतरली. आता ठणकतंय ते वेगळंच आहे.

फॉर्मवर नावाआधी 'डॉ.' बघून काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "कशाचे डॉक्टर?" सुजलेल्या गालातून "वनस्पतींचे बुरशीजन्य रोग" एवढे शब्द जेमतेम बाहेर पडले. तिने व्यवसायाच्या रकान्यात 'शेती' लिहून टाकलं. अहो, माझ्या हातून कुंडीतला गुलाब जगत नाही! सव्वीस वर्षं मी झाडांना आजारीच पाडत आलोय. रोगट पानातून बुरशी वेगळी काढायची, शुद्ध वाढवायची, धडधाकट रोपाला टोचायची आणि ते आजारी पडलं की त्यातून पुन्हा तीच काढून दाखवायची. तेव्हा कुठे "हिनेच केलं" असं म्हणायची मुभा. पोलिसांनाही इतका पुरावा लागत नसेल.

यातला 'बुरशी' एवढाच शब्द शेजारच्या काकांनी टिपला. मी मान वळवेपर्यंत त्यांनी बूट काढला होता, मोजा सोलला होता आणि पाय थेट माझ्या गुडघ्याशी आणला होता.

"डॉक्टरसाहेब, जरा बघता का?"

"काका, मी झाडांचा."

"बुरशी ती बुरशीच की हो. झाडाला काय नि माणसाला काय."

करंगळीच्या बेचक्यात कातडी पांढरी पडून भिजल्या कागदासारखी सुटली होती. चिखल्या. बघायचं नव्हतं, तरी बघितलं. त्याहून लाजिरवाणं म्हणजे कडेचा पापुद्रा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली धरावा म्हणून हात शिवशिवले.

"म्हणजे झाडं येतात तुमच्याकडे? मग फी कोण देतं?"

इथे मी चिडलो. चिडलो की मी इतिहासात शिरतो. १८४५ मध्ये आयर्लंडात बटाट्यावर करपा आला, पुढच्या काही वर्षांत भुकेने आणि रोगराईने दहा लाखांच्या आसपास माणसं गेली, साधारण तितकीच देश सोडून गेली, वगैरे. काका बेचकं खाजवत ऐकत होते.

"मग औषध?"

मी खुललो. फ्रान्समधले द्राक्षबागवाले रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना शिंपडायचे, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी घड तोडू नयेत म्हणून. मिलार्दे नावाच्या प्राध्यापकांच्या लक्षात आलं की नेमक्या त्याच वेली केवडा नावाच्या रोगापासून वाचल्यात. त्यांनी प्रयोग केले आणि १८८५ मध्ये बोर्डो मिश्रण जाहीर केलं. आजही फवारतात.

"म्हणजे शोध चोरांमुळे लागला," काका म्हणाले. "तुमचं यात काय?"

याहून वाईट बातमी मी त्यांच्यापासून दडवली. तो करपा आणि हा केवडा ज्यांच्यामुळे होतात, त्यांना आता शास्त्र बुरशी मानतच नाही. तपकिरी शेवाळांचे भाऊबंद निघाले ते! व्याख्यानात टाळ्या घेणारे माझे दोन हुकमी किस्से, आणि दोन्ही परक्या घरचे. आमच्या हक्काचा गव्हाचा तांबेरा आहे म्हणा, पण त्याचे पाच प्रकारचे बीजाणू आणि तो ज्यांच्यावर जगतो ती दोन यजमान झाडं सांगून होईतो ऐकणारा उठून गेलेला असतो. निधी देणारेही त्यातलेच. त्यांच्या अर्जात 'तात्काळ उपयोग' असा अडीच ओळींचा रकाना असतो. अकरा आठवडे बशीत वाढवून जपलेल्या बुरशीच्या कल्चरवर गेल्या महिन्यात ट्रायकोडर्मा नावाची दुसरीच हिरवी बुरशी चढली, ते कुठल्या रकान्यात लिहू? रोग पसरला की "तुम्ही काय करत होता?" आणि नाही पसरला की "मग तुमची गरज काय?" सव्वीस वर्षं हेच ऐकतोय, आणि आता दाताच्या दवाखान्यातही.

"ते असू द्या," काका म्हणाले. "मी काय करू ते सांगा."

"ओल राहू देऊ नका. हवा खेळती ठेवा. दाटी नको."

सवयीने निघून गेलं तोंडून. पिकांसाठीही आम्ही अक्षरशः हेच सांगतो.

"एवढं तर माझी आईपण सांगायची," काका म्हणाले, आणि घामाने भिजलेला तोच मोजा माझ्या डोळ्यांदेखत, सावकाश, पार टाचेपर्यंत ओढून त्यांनी पायात चढवला.